पिंपळशेंडे सरांचा थर

बातमीदारीत एक मोठा अन्याय आहे. जे छापून येतं ते दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जातं, आणि जे संपादक कापतो ते आपल्या डोक्यात कायमचं मुक्कामाला येतं. माझ्या डोक्यात असं पुष्कळ साठलंय. खाणवाले, ठेकेदार, वनखातं, पाटबंधारे, सगळ्यांशी भांडून झालं. कोणतं भांडण कशावरून झालं हे आता मलाही सांगता येत नाही. चंद्रपूरला बसस्टँडजवळच्या टपरीवर बसलो की मित्रच म्हणतात, "भाऊ, भांडणं राहू द्या. ते गोटेवाल्यांचं सांगा."

तर गोटेवाल्यांचं सांगतो.

आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात, म्हणून डोंगरावर हातोडी घेऊन फिरणारे सरकारी भूशास्त्रज्ञ झाले गोटेवाले. कोरपन्याच्या पलीकडे, डोंगरमाथ्यावर कोलाम आदिवासींचं एक गाव आहे. मी त्याला वरचं गाव म्हणेन. खरं नाव विचारू नका, मिळणार नाही. त्या डोंगराचे थर मोजून नवा नकाशा करायचं काम निघालं होतं, आणि त्या कामाच्या तीन हंगामांत मी त्यांच्या जीपमध्ये इतका बसलो की शेवटी माझी जागा ठरून गेली होती. मागची, डाव्या हाताची, दगडांच्या पोत्यावर.

*

पहिली भेट मात्र भांडायलाच गेलो होतो.

वरच्या गावातून फोन आला की डोंगरावर कोणीतरी गोट्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे टाकून गेलंय. आता बाहेरच्या माणसाला यात काय वाटणार? पण आमच्या भागात गोट्यावर रंग दिसला की त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. जमीन चालली. आधी रंग येतो, मग मोजणीवाले येतात, मग कुंपण येतं, मग धूळ येते. गेल्या कित्येक वर्षांत मी हा क्रम कधी चुकलेला पाहिला नाही.

मी तणतणत डोंगर चढलो. वर पळसाच्या सावलीत एक बाई बसली होती. पायात बूट, डोक्याला रुमाल, हातात हातोडी. एक गोटा फोडला, त्याची ताजी बाजू जिभेला लावली आणि विचारात पडली. मी खालूनच ओरडलो, "तुम्ही कोणत्या कंपनीच्या?"

तिने गोटा खाली ठेवला, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "आधी पाणी प्या भाऊ. मग भांडा."

या सुषमा मडावी मॅडम. अहेरीच्या. सरकारी नोकरीत भूशास्त्रज्ञ. आकडे त्यांचेच होते. कोणता दगड कोणत्या थरातला हे विसरू नये म्हणून टाकलेले. कंपनीबिंपनी काही नाही, हे त्यांनी मला समजावलं, मग आम्ही दोघांनी गावात जाऊन समजवायचं ठरवलं. पण आकडे दाखवायला त्या मला घेऊन निघाल्या तर आकडे टाकलेले गोटेच गायब. जे उचलता येत होते ते सगळे गेले होते.

गाव काही रडत बसलं नव्हतं. त्यांनी हिशोब साधा लावला. रंगाचा गोटा जिथे असतो तिथली जमीन जाते ना? मग त्यांनी सगळे गोटे बैलगाडीत भरले, डोंगराच्या पायथ्याशी एका क्रशरवाल्याचं फाटक आहे तिथे नेले, आणि त्याच्या कुंपणाला लागून ओळीने मांडून ठेवले.

आम्ही खाली पोचलो तेव्हा क्रशरवाला तहसीलच्या वाटेला लागला होता. माझी जमीन कोण घेऊन राह्यलं म्हणून.

मॅडमनी त्या दिवसापासून रंग वापरला नाही.

*

आता थर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. मलाही मॅडमनीच सांगितलं.

आपला हा काळा दगड म्हणजे गोठलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून तो आला, पसरला आणि थंड झाला. मग लगेच दुसरा आला असं नाही. मधे हजारो वर्षं गेली. पहिल्या थराची वर वर माती झाली, तिच्यावर झाडोरा आला. मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजून लाल झाली. म्हणून दोन काळ्या थरांच्या मधे लाल पट्टा दिसला तर समजायचं की इथे एक थर संपला आणि दुसरा लागला. लाल पट्टा नाही, तर वेगळा थर नाही.

या डोंगरात थर पाच. असं नागपूरच्या ऑफिसचं म्हणणं. सहा. असं पिंपळशेंडे सरांचं म्हणणं.

सर चंद्रपूरला कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे, रिटायर होऊन मूल गावी आपल्या घरी राहत होते. मॅडम त्यांच्या विद्यार्थिनी. तरुणपणी सरांनी याच डोंगराच्या एका नाल्यात, पाचव्या थराच्याही वर, लाल पट्टा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. कॅमेरा नव्हता. पुढच्या पावसाळ्यात दरड आली आणि नाल्याची ती बाजू बुजली. सरांनी लेख लिहिला, तर वरून उत्तर आलं की पुरावा दाखवा. पुरावा दरडीखाली. तेव्हापासून या गोटेवाल्यांमध्ये एक म्हणच पडली. जी वस्तू आहे असं सगळे म्हणतात पण कोणाला दिसत नाही, तो "पिंपळशेंड्यांचा थर". कोरपन्याची संध्याकाळची बस आली नाही की कोणीतरी म्हणायचंच, "ती पिंपळशेंड्यांचा थर आहे, चला पायी."

सरांच्या कानावर हे जायचं. ते हसायचे.

पण आता त्यांचे डोळे चालले होते. काचबिंदू. समोरचा माणूस कोण ते आवाजावरून कळायचं. रंग तेवढे दिसत होते, तेही हंगामागणिक फिके होत चाललेले. त्यात हृदय अशक्त. मॅडमना नकाशा करायचा होताच, पण जीपमध्ये एकदा त्या बोलून गेल्या, "भाऊ, थर कुठे पळून जात नाही. सरांना लाल दिसतंय तोवर सापडला पाहिजे."

तीन हंगाम आम्ही त्या एका वाक्यावर डोंगर चढलो.

*

जीपचे ड्रायव्हर नानाजी. मूलचेच, सरांच्या गल्लीतले. गाडी हळू आणि तोंड जोरात चालवणारे.

मॅडम गोटा चाटून बघतात हा कोरपन्यात चर्चेचा विषय होता. ओला झाल्यावर दगडाचे दाणे नीट दिसतात, एवढंच त्याचं कारण. पण हॉटेलवाल्याने नानाजींना विचारलंच की बाई गोटे काऊन चाटते. नानाजींनी चहाचा घोट घेतला आणि गंभीरपणे सांगितलं, "मीठ पाहून राह्यली. बराबर असन तं नागपूरले पाठवते."

एकदा वननाक्यावर गाडी अडवली. मागे दहा-बारा पोती, वर मी. नाकेदार नवा होता आणि नव्या माणसाला नियम पाठ असतात. तो म्हणाला, जंगलातला दगड नेता येत नाही, वाहतुकीचा पास दाखवा. मॅडमनी ऑफिसचं पत्र दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, यात दगडांचा उल्लेख नाही, जंगलातली वस्तू ती जंगलाचीच.

माझं डोकं सटकलं. समोरून क्रशरचे ट्रक ओव्हरलोड होऊन धडाधड जात होते, त्यांना हा सलाम ठोकत होता, आणि आमच्या दहा पोत्यांना पास हवा. मी उतरून बाह्या सरसावल्या. मॅडम मला आवरायला उतरल्या. या गडबडीत नानाजी शांतपणे नाकेदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, हे गोटे जंगलाचे नाईत."

"मग कोणाचे?"

"जंगल आलं ना, त्याच्या आंधीचे हायेत. तेव्हा तुमचं खातंच नोतं."

नाकेदाराने पत्र पुन्हा एकदा उलटंसुलटं केलं. मग त्याने दांडा वर केला. मला वाटतं त्याला वरिष्ठांना काय विचारायचं तेच सुचलं नाही.

*

पोत्यांतले निवडक दगड नानाजी दर शनिवारी मूलला सरांकडे न्यायचे. डोळ्यांनी होत नव्हतं म्हणून सर बोटांनी आणि जिभेने बघायचे. दगड हातात तोलायचा, अंगठा फिरवायचा, जिभेचं टोक लावायचं आणि सांगायचं, "तिसरा. वरचा भाग." सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "माझ्या भाजीची चव कधी अशी पाह्यली नाई." सर म्हणायचे, "भाजी दर वेळी वेगळी असते, सिंधू. दगडाचा भरोसा असतो."

एका शनिवारी मीही बरोबर होतो. नानाजींना मस्करीची लहर आली. मूलमध्ये शिरताना राइस मिलच्या मागे वीटभट्टी आहे. तिथे उतरून त्यांनी एक चांगला भाजलेला तुकडा उचलला, कडा घासून गोल केल्या आणि पोत्यात टाकला. सरांना फसवलं तर वर्षभर पुरेल असा किस्सा होईल, असा बेत. मीही अडवलं नाही, म्हटलं पाहू गंमत.

सरांनी एकेक दगड पाहिला. दुसरा, चौथा, पुन्हा दुसरा. मग तो तुकडा हातात आला.

त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला, अगदी डोळ्याजवळ नेला. लाल. "नानाजी," ते म्हणाले, "हा कुठे मिळाला?" आणि उत्तराची वाट न बघता हाक मारली, "सिंधू, इकडे ये. जरा इकडे ये."

वहिनी पदराला हात पुसत आल्या. नानाजी उगाच पोत्याचं तोंड बांधायला लागले. सरांनी तुकडा जिभेला लावला.

सरांनी तो हळूच टीपॉयवर ठेवला.

"वीट आहे," ते म्हणाले. "धानाच्या तुसावर भाजलेली. भट्टी चांगली आहे, नानाजी. घर बांधाल तेव्हा इथूनच घ्या."

परतीच्या वाटेवर नानाजींनी रस्त्यात कुठे तरी गाडी थांबवली आणि उतरून शेतात तोंड करून उभे राहिले. धानाची कापणी झालेली होती, बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. पुन्हा गाडीत बसले तेव्हा म्हणाले, "आता तं तो थर सापडलाच पायजे." आणि पुढच्या सोमवारपासून हा माणूस हातोडी घेऊन स्वतः डोंगर चढायला लागला. गाडी कोणाच्या भरवशावर ठेवली हे विचारलं तर म्हणायचा, "देवाच्या."

*

थर काही हातोडीला सापडला नाही.

वरच्या गावात भीमबाई म्हणून एक म्हातारी आहे. गाव तिला विचारल्याशिवाय काही करत नाही. मॅडम दुपारी तिच्याच ओसरीवर डबा सोडायच्या. तिकडे घराच्या भिंती खालून कमरेइतक्या लाल सारवतात आणि वर पांढऱ्या ठेवतात. सगळ्याच घरांना. आम्ही तीन हंगाम त्या भिंतींना पाठ टेकून जेवलो होतो आणि त्या तीन हंगामांत आम्हाला भिंत दिसली नव्हती.

त्या दिवशी मॅडमच्या हातातला घास तसाच राहिला. भीमबाई कोपरा सारवत होती. मॅडमनी जवळ जाऊन टोपलीतली माती चिमटीत घेतली, पाण्यात भिजवली, बोटांवर घासली. मग माझ्याकडे बघितलं. गाव डोंगरमाथ्यावर. पाचवा थर त्याच्या खाली. बाजारातून माती डोक्यावर घेऊन एवढा डोंगर कोण चढणार? म्हणजे माती माथ्यावरचीच, पाचव्याच्या वरची.

"भीमबाई, ही माती कुठून आणता?"

"जमिनीतून."

"कोणत्या बाजूच्या?"

"खालच्या बाजूच्या. माती वरतून येते का कधी?"

मग मी पुढे झालो. आयुष्यभर मी मोठमोठ्या माणसांना नको तिथे बोलतं केलंय. मी गोड बोललो, आडून विचारलं, उलटं विचारलं. भीमबाईने मला दोन वेळा चहा पाजला आणि तिच्या नातीच्या लग्नाची सगळी हकीकत सांगितली. मातीबद्दल एक अक्षर नाही.

शेवटी मॅडमनी मला गप्प बसवलं आणि सरांचं सांगितलं. एक म्हातारा माणूस आहे, त्याने तरुणपणी ही माती या डोंगरात पाहिली होती, लोक त्याला खोटा म्हणतात, आणि त्याचे डोळे चाललेत. एवढंच. भीमबाई सारवणाचा हात न थांबवता ऐकत होती.

"रंग लावसान काय त्याच्यावर?"

"नाही."

"कागदावर आणसान?"

मॅडम थांबल्या. कारण सगळं त्यातच होतं. जागा सांगितल्याशिवाय पुरावा नाही. ठिकाण, फोटो, नमुना, तिन्ही पाहिजेत. नुसता नमुना आणला तर ऑफिस विचारणार की कुठला, आणि कुठला ते नाही सांगितलं की तो झाला नुसता गोटा. हे मॅडमना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"आमच्या गावाजवळचा एक डोंगर कागदावर आला होता," मॅडम म्हणाल्या. "आता तिथे डोंगर नाही." आणि मग, "नाही आणणार."

भीमबाईने पहिल्यांदा हात थांबवला. "तं दिवाळीच्या आंधी आमी बाया जातो. तेव्हा आण त्या म्हाताऱ्याले."

*

डॉक्टरांनी सरांना चढायला मनाई केली होती. वहिनींनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच स्वेटर, औषधं आणि पाण्याची बाटली घेऊन जीपमध्ये येऊन बसल्या. गाडीवाट संपली तिथे गावातले चौघे खाट घेऊन उभे होते. सर म्हणाले, मला अजून वेळ आहे, खाट नको. मग खुर्ची आणली. ग्रामपंचायतीची प्लास्टिकची खुर्ची, दोन बांबूंना बांधलेली. त्यात बसून पिंपळशेंडे सर डोंगर चढले. चौघे खांदेकरी, नानाजी हातात छत्री धरून बाजूला, मागून वहिनी पावलापावलाला सांगतायत की हळू, हळू.

नाल्याच्या अलीकडे एक मोहाचं झाड आहे. तिथे पोचल्यावर पुरुषांनी खुर्ची खाली ठेवली आणि चपला काढून बाजूला बसले. भीमबाई आणि गावातल्या बाया टोपल्या घेऊन आधीच जमल्या होत्या. तिथून पुढे पुरुषाने जायचं नाही. माती बायांची. काढायची बायांनी, आणायची बायांनी, सारवायची बायांनी. पुरुषाने ती जागा पाहायचीही नाही.

हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल, सगळ्यांना माहीतच असतं.

मी उसळलो. तो माणूस अर्धं आयुष्य ज्या जागेसाठी हसं करून घेत आला, ती जागा शंभर पावलांवर आहे आणि तुम्ही त्याला झाडाखाली बसवता? त्याला दिसत नाही, त्याच्यासाठी तरी नियम सोडा. मी बरंच बोललो. भीमबाईने माझं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याशी न बोलता सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, माह्या घरच्या माणसानं बी ते जागा पाह्यली नाई. जन्म गेला त्याचा, इथीच बसून राह्यला. या झाडाखाली."

सर म्हणाले, "मग मी त्यांच्या जागेवर बसतो, बाई."

मॅडम गेल्या. वहिनींनाही बायांनी हाताला धरून नेलं. आम्ही पुरुष बसलो. खालून कुदळीचा आवाज येत होता, मधूनच बायांचं हसणं. सर आवाजाच्या दिशेने मान करून बसले होते, स्टेशनवर गाडीची वाट बघणारा माणूस बसतो तसे.

मॅडम परत आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते. त्या सरांच्या पायाशी बसल्या.

"वर काय आहे?" सरांनी विचारलं. परीक्षा घेतात तसं.

"काळा दगड, सर. एकसंध."

"खाली?"

"काळा. वरचा भाग सच्छिद्र, मऊ झालेला."

"मधे?"

मॅडमनी सरांच्या दोन्ही हातांत ढेकूळ ठेवलं. सरांनी ते उन्हात धरलं. फार वेळ धरलं. मग जिभेला लावलं.

"भाजलेली आहे," सर म्हणाले.

नानाजींनी छत्री उघडून तोंडासमोर धरली. ऊन मागच्या बाजूला होतं.

उतरताना मॅडमनी भीमबाईला दिलेल्या शब्दाचं सांगितलं. त्यांच्या आवाजात अपराधीपणा होता. नमुना आहे, पण नकाशात सहावा थर दाखवता येणार नाही, तुमचं नाव मोकळं करता येणार नाही. माझ्या डोक्यात वेगळीच चक्रं फिरत होती. ठिकाण थोडं इकडेतिकडे दाखवता येईल, पाचसात कोस सरकवता येईल. मी तसं सुचवूनही पाहिलं.

सर खुर्चीवरून म्हणाले, "पत्रकारभाऊ, चुकीच्या जागी दाखवलेला थर आणि नसलेला थर, यांत फरक काय? सुषमा, शब्द दिला आहेस ना? मग पाच."

खांदेकऱ्यांपैकी एकाने विचारलं, काय पाच? वहिनी म्हणाल्या, "काई नाई गा. तू पायाखाली पाह्य."

*

नकाशा छापून आला. थर पाच.

तो द्यायला नागपूरहून धोटे साहेब स्वतः मूलला आले. धोटे साहेब म्हणजे नकाशावर सही करणारे; रिटायर झाले तरी ऑफिसने सल्लागार म्हणून ठेवून घेतलेले. कॉलेजात सरांच्या एक वर्ष पुढे होते, आणि जन्मभर "पुरावा दाखव" म्हणणारेही तेच. माणूस वाईट नाही. सरांची तब्येत ढासळल्याचं ऐकून आले होते, येताना संत्री आणली होती. मी आणि मॅडम आधीच तिथे बसलो होतो.

सरांच्या बैठकीच्या खोलीत दिवाण आहे, भिंतीला लागून. बायांनी त्या दिवशी वहिनींना एक टोपली माती दिली होती. मूलमध्ये पक्क्या भिंतीला कोणी माती सारवत नाही; गल्लीतल्या बाया वहिनींना हसल्याही होत्या. पण वहिनींनी दिवाणामागची सगळी भिंत बसणाऱ्या माणसाच्या खांद्याइतकी लाल सारवून घेतली होती, भीमबाईने दाखवलं तशी, बोटांची वळणं ठेवून. सरांचा पलंग समोर होता. तोंड त्या भिंतीकडे.

धोटे साहेब दिवाणावर बसले, आरामात टेकले. नकाशा उलगडून सरांच्या मांडीवर ठेवला. सरांनी कागदावरून हात फिरवला, छपाई चांगली झाली म्हणाले. धोटे साहेबांना भरून आलं. ते म्हणाले, "बाबा, तुझ्या त्या थरासाठी मी सुषमाला तीनदा विचारलं. एवढासा जरी पुरावा असता ना, मी माझ्या हाताने सहा लिहिले असते."

"माहीत आहे मला," सर म्हणाले.

मॅडम संत्रं सोलत होत्या. सोलतच राहिल्या.

चहा झाला. जुन्या गोष्टी निघाल्या. दोघं हसले. मग धोटे साहेब घड्याळ बघून उठले, सरांचा हात हातात घेतला, तब्येतीला जप म्हणाले आणि दाराकडे वळले.

अंगात पांढरा शुभ्र शर्ट. खाली काळी पँट, वर कलप लावलेले काळे केस, आणि मधे, कमरेपासून खांद्यापर्यंत, सबंध पाठ लालेलाल.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी उठलोच, हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी माझं मनगट धरलं. पकड पहिल्यासारखी नव्हती, पण धरलं. त्यांची नजर दारातून बाहेर जाणाऱ्या त्या पाठीवर होती.

"बोलू नका," ते हळूच म्हणाले. "नागपूरपर्यंत तरी जाऊ द्या."